चेंडू न आलेल्या बाजूचा माणूस

ऑक्टोबर आला की आमच्या वेम्बलीत एक वेगळीच जत्रा भरते. एरवी वेम्बली पार्क स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी एक-दोन रंगांच्या जर्सीत असते. या दिवसांत मात्र अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीसच्या बत्तीस संघांच्या जर्सी रस्त्यावर दिसतात, खेळणारे संघ भले दोनच असोत. ईलिंग रोडवर भाजी घ्यायला निघालेल्या, भारतातून मुलाकडे आलेल्या आईबाबांना हा प्रकार कळत नाही. "फुटबॉल म्हणता आणि चेंडू हातात घेऊन पळता?" हा प्रश्न या भागातल्या प्रत्येक मराठी घरात एकदा तरी विचारला गेला असेल.

प्रश्न रास्त आहे. पण हा खेळ वेम्बलीला नवा नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये जुन्या स्टेडियमवर शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज यांचा प्रदर्शनीय सामना झाला होता. १९९१ मध्ये लंडन मोनार्क्स नावाच्या इथल्याच संघाने याच मैदानावर वर्ल्ड बोल जिंकला. जुनं स्टेडियम पाडून नवं उभं राहिलं ते २००७ साली, आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला एनएफएलचा खराखुरा लीग सामना पहिल्यांदा इथे झाला. भर पावसात, चिखलात न्यूयॉर्क जायंट्सने मायामी डॉल्फिन्सना १३-१० असं हरवलं.

त्याच २००७ साली डॅरेल रेव्हिस नावाचा बावीस वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघात, जेट्समध्ये दाखल झाला. आज लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल. तो कॉर्नरबॅक होता. आणि कॉर्नरबॅक ही जागा समजली की या खेळाबद्दलच नाही, तर आपल्या नोकऱ्यांबद्दलही बरंच काही समजतं.

आधी जागा समजून घेऊ. मैदान शंभर यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो, कडेने धावणारा रिसीव्हर तो झेलतो. या रिसीव्हरच्या समोर उभा राहणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधीच ठाऊक असतं. कॉर्नरबॅकला नसतं. शिवाय सुरुवातीला त्याला बरेचदा उलट्या पावलांनी मागे पळावं लागतं. पाच यार्डांच्या पुढे समोरच्याला धक्का दिला की दंड. चेंडू हवेत असताना त्याला झेल घेण्यापासून धरून ठेवलं तर आणखी मोठा दंड. हे सगळं सांभाळून सावलीसारखं मागे राहायचं.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. कबड्डीतला कोपरारक्षक आठवा. पुणेरी पलटणकडून खेळलेला गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यात उभा असला की चढाईपटू तीस सेकंदांत त्या बाजूला जायचं की नाही याचा दहादा विचार करणार. पकड झाली तर गुणफलकावर गुण लागतो. पण चढाईपटू त्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही, तर? अर्धं मैदान त्या एका माणसाने बंद केलेलं असतं आणि गुणफलकावर त्याच्या नावापुढे शून्य असतं.

रेव्हिसचं सगळं करिअर या शून्याच्या किमतीवरून झालेली घासाघीस आहे, असं मला वाटतं.

तो पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावचा. ओहायो नदीकाठचं पोलाद कारखान्याचं गाव. १९८० च्या दशकात कारखाना मोडीत निघाला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. रेव्हिसचा जन्म १९८५ चा, म्हणजे ऐन पडझडीतला. त्याच दशकात आपल्या गिरणगावात काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप, सुमारे अडीच लाख कामगार, आणि त्यानंतर थंड होत गेलेली धुराडी. लालबाग-परळच्या गल्ल्यांनी जसे कबड्डीपटू दिले, तसे या अलिक्विपाने फुटबॉलपटू दिले. १९८६ च्या त्या वेम्बलीतल्या सामन्यात बेअर्सचा प्रशिक्षक असलेला माइक डिटका तिथेच वाढलेला. टाय लॉ हा नामवंत कॉर्नरबॅक तिथल्याच शाळेचा. रेव्हिसचा मामा शॉन गिल्बर्टही एनएफएलमध्ये खेळला. पगाराच्या वादात त्याने १९९७ चा अख्खा मोसम घरी बसून काढला होता. भाच्याने मामाकडून खेळासोबत हेही शिकून घेतलं.

२००९ चा मोसम रेव्हिसचा. प्रत्येक सामन्यात समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक रिसीव्हर त्याच्या वाट्याला. मदतीला बहुतेक वेळा कुणी नाही. त्यावरून त्याच्या बाजूला 'रेव्हिसचं बेट' असं नावच पडलं. तिथे गेलेला रिसीव्हर हरवतो म्हणून. आंद्रे जॉन्सन चार झेल, ३५ यार्ड. पुढच्या आठवड्यात रँडी मॉस चार झेल, २४ यार्ड. ही त्या काळातली दादा मंडळी. मोसमभरात ३१ पास रेव्हिसने अडवले. पण वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळाला ग्रीन बे पॅकर्सच्या चार्ल्स वूडसनला. त्याचे नऊ इंटरसेप्शन होते, म्हणजे नऊदा त्याने समोरच्याचा चेंडू हवेतच पळवला होता. रेव्हिसचे सहा. वूडसन मोठाच खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण चेंडू पळवायला आधी तो तुमच्याकडे यावा लागतो ना!

२०१० मध्ये रेव्हिसच्या जुन्या करारानुसार त्या वर्षीचा पगार होता दहा लाख डॉलर. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण त्या बाजारात लीगमधल्या सर्वोत्तम कॉर्नरबॅकसाठी ती चिल्लर होती. तो सराव शिबिराला गेलाच नाही. महिन्याहून जास्त काळ घरी बसला. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत लोभी म्हणून शिव्या खाल्ल्या. मोसमाच्या तोंडावर जेट्सने नवा करार केला: चार वर्षं, ४ कोटी ६० लाख डॉलर, त्यातले ३ कोटी २० लाख हमीचे.

'हमीचे' हा शब्द इथे महत्त्वाचा. एनएफएलमध्ये करार सहा वर्षांचा असला तरी संघ खेळाडूला मधेच काढू शकतो, आणि काढल्यावर उरलेले पैसे सहसा बुडतात. पदरात पडतात ते फक्त हमी दिलेले. मथळ्यात छापून येतो तो एकूण आकडा. खेळाडूचा वकील वाचतो ती हमीची ओळ.

हा फरक पुढे रेव्हिसला चांगलाच भोवला. सप्टेंबर २०१२ मध्ये मायामीविरुद्ध त्याच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. २०१३ मध्ये जेट्सने त्याला टॅम्पा बेला देऊन टाकलं. तिथला करार सहा वर्षांचा, ९ कोटी ६० लाख डॉलरचा, आणि हमीचा एक पैसाही नाही. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, नव्या व्यवस्थापनाने त्याला मोकळं केलं. पाच वर्षं आणि आठ कोटी डॉलर कागदावरच राहिले.

मग तो एका वर्षासाठी न्यू इंग्लंड पेट्रिअट्सकडे गेला. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये हा संघ जिंकला आणि रेव्हिसला त्याचं एकमेव विजेतेपद मिळालं. त्या सामन्याचा शेवट बघण्यासारखा आहे. प्रतिस्पर्धी सिअॅटल सीहॉक्स गोलरेषेपासून एका यार्डावर, सामना संपायला काही सेकंद. चेंडू फेकला गेला आणि तो पळवला माल्कम बटलर या दुसऱ्याच कॉर्नरबॅकने. बटलरला ड्राफ्टमध्ये कुणीही निवडलेलं नव्हतं. पूर्वी त्याने चिकनच्या दुकानात नोकरी केलेली. एका क्षणात तो अजरामर झाला. आज त्या सामन्याचं नाव काढलं की सगळ्यांना बटलर आठवतो. रेव्हिस त्या मैदानावर होता हे मुद्दाम सांगावं लागतं.

त्याच वर्षी जेट्सने त्याला परत बोलावलं. या वेळी पाच वर्षं, ७ कोटी डॉलर, त्यातले ३ कोटी ९० लाख हमीचे. टॅम्पाचा धडा पक्का गिरवलेला! आणि ४ ऑक्टोबर २०१५ ला तो वेम्बलीत खेळायला आला, समोर पुन्हा मायामी. या दौऱ्यासाठी जेट्सने अमेरिकेहून जे सामान आणलं त्यात टॉयलेट पेपरचे ३५० रोल होते, कारण इथला कागद म्हणे पातळ. (आपण बॅगेत मग घेऊन येतो त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

स्टेडियममध्ये त्या दिवशी सुमारे ८४ हजार माणसं होती आणि स्वस्तातलं तिकीट काढून अगदी वरच्या मजल्यावर मीही होतो. वरून बघण्याचा एक फायदा असतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे कॉर्नरबॅक पहिल्या एक-दोन सेकंदांतच चौकटीबाहेर जातो. मैदानात मात्र तुम्ही चेंडूकडे न बघता २४ नंबरच्या एकाच माणसाकडे बघत राहू शकता. गुडघे किंचित वाकलेले, नजर समोरच्याच्या कमरेवर, पाऊल मागे टाकताना घाई नाही. तिकडे चेंडू दुसरीकडे गेला, लोक ओरडले, आणि हा शांतपणे चालत परत जागेवर. जेट्स २७-१४ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी मायामीने आपल्या मुख्य प्रशिक्षकाला काढून टाकलं. नोकरीची हमी तिथेही नाहीच.

पुढचं थोडक्यात. तिशी उलटल्यावर पाय मंदावले. २०१६ मध्ये जे रिसीव्हर आधी वाकडी वाट करून जायचे ते थेट त्याच्याच बाजूला येऊ लागले. २०१७ च्या सुरुवातीला जेट्सने त्याला सोडलं, वर्षाअखेरीस तो कॅन्सस सिटीकडून मोजके सामने खेळला आणि जुलै २०१८ मध्ये निवृत्त झाला. मैदानातली कमाई बारा कोटी डॉलरच्या वर.

"इतके कोटी मिळाले, मग रडायचं कशाला?" असं कुणी म्हणेल. मुद्दा रडण्याचा नाही, हिशेबाचा आहे. आपल्याकडे कबड्डीपटू वर्षानुवर्षं काय बघत आला? रेल्वे, पोलीस, बँक, विमा कंपनी, कुठेतरी खेळाडू म्हणून नोकरी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, लिलावाचे आकडे पेपरात झळकू लागले, तरी ती पक्की नोकरी सोडायला घरचे सहज तयार होत नाहीत. गुडघा एकदाच तुटतो, पगार मात्र दर महिन्याला लागतो. गिरणगावातून आलेलं हे शहाणपण आणि अलिक्विपातून आलेलं रेव्हिसचं शहाणपण एकच आहे. एकाने ते नोकरीच्या रूपात मागितलं, दुसऱ्याने कराराच्या ओळीत.

आम्ही आयटीवाले या दोघांच्या मधे कुठेतरी आहोत. सिस्टीम रात्री कोसळली आणि कुणी पहाटेपर्यंत जागून ती उभी केली, की ई-मेलवर कौतुकाचा पाऊस पडतो. ती कोसळूच नये म्हणून आधी तीन महिने शांतपणे खपलेल्याला अप्रेझलमध्ये विचारतात, "या वर्षी विशेष काय केलं?" बटलर आणि रेव्हिस प्रत्येक ऑफिसात असतात. आणि इथे ब्रिटनमध्ये दोन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी गेली तर कायद्याने मिळणारी रिडंडन्सीची रक्कमही मिळत नाही. स्पॉन्सर्ड व्हिसावर असाल तर दुसरी नोकरी शोधायला साधारण ६० दिवस. नव्याने येणारी मुलं पॅकेजचा आकडा सांगतात तेव्हा मी नोटिस पिरियड किती, हे विचारतो. मुलं हसतात. हसू देत.

२०२३ मध्ये रेव्हिस पहिल्याच संधीत एनएफएलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. त्याच्या नावावर इंटरसेप्शन आहेत २९. त्याच जागेवर खेळलेल्या डिऑन सँडर्सचे ५३, चॅम्प बेलीचे ५२. नुसते आकडे बघितले तर रेव्हिस त्या रांगेत बसत नाही. पण मत देणाऱ्यांनी न आलेले चेंडूही मोजले. जाणकार शेवटी मोजतात, हे खरं आहे. फक्त नियमाप्रमाणे खेळ थांबल्यावर पाच वर्षं गेल्याशिवाय ती मोजणी सुरूच होत नाही. तोपर्यंत घर चालतं ते कराराच्या त्या एका ओळीवर, आणि ती लिहून घ्यायची असते पाय चालत असतानाच.