गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी सर्व्हिस सेंटर शोधा, मग मॉडेल!

पाऊण लाख, एक लाख, कधी सव्वा लाख. गेमिंग लॅपटॉपची किंमत सहज इथपर्यंत जाते आणि बहुतेक घरांत तो ईएमआयवरच येतो. पण निवड कशी होते? एखादं रील, ऑफरचा स्क्रीनशॉट, मित्राचा सल्ला. लॅपटॉप बिघडला तर तो कोण आणि कुठे दुरुस्त करणार, हा प्रश्न पैसे दिल्यानंतरच डोक्यात येतो.

साध्या लॅपटॉपच्या बाबतीत हे एक वेळ चालून जातं. गेमिंग लॅपटॉप मात्र तासन् तास तापतो, त्याचे पंखे जोरात फिरतात, आत धूळ साचते आणि थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते. म्हणजे त्याला सर्व्हिसची गरज जास्त पडते. म्हणून आपण खरेदीचा क्रम थोडा उलटा करूया.

पायरी १ : जवळ सर्व्हिस कोणाची आहे?

तुम्ही मुंबई-पुण्यात राहत असाल तर बहुतेक ब्रँडची सेंटर्स हाताशी असतात. तालुक्याच्या गावी राहत असाल तर चित्र वेगळं असतं. प्रत्येक ब्रँडच्या वेबसाइटवर सर्व्हिस सेंटर शोधायची सोय असते. तिथे आपला पिनकोड टाका, जवळचं सेंटर पाहा आणि खरेदीच्या आधीच तिथे फोन करून हे विचारा :

- वॉरंटी ऑनसाइट आहे की कॅरी-इन? ऑनसाइट म्हणजे तंत्रज्ञ घरी येतो. कॅरी-इन म्हणजे लॅपटॉप तुम्हालाच सेंटरवर न्यावा लागतो.
- ऑनसाइट असेल तर माझ्या पिनकोडला ती लागू आहे का?
- मदरबोर्ड बदलायचा झाल्यास साधारण किती दिवस लागतात?
- बॅटरी आणि अ‍ॅडॉप्टरची वॉरंटी किती? ती लॅपटॉपच्या वॉरंटीपेक्षा कमी असू शकते.
- रॅम किंवा एसएसडी वाढवण्यासाठी मागचं झाकण उघडलं तर वॉरंटी राहते का?

फोनच उचलला जात नसेल, तर बिघाडाच्या दिवशी काय होईल याचा अंदाज आलाच. या चाळणीतून दोन-तीन ब्रँड उरतील. मॉडेल त्यांच्यातूनच निवडा.

पायरी २ : नाव सारखं, ताकद वेगळी

गेमिंग लॅपटॉपमध्ये सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि सर्वांत मोठी फसगतही इथेच होते. एकच नाव असलेलं कार्ड दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वेगाने चालू शकतं, कारण त्याला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते.

उदाहरणार्थ, लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडियाने दिलेली मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत आहे. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये तिला कमी वॅट मिळतात, जाड लॅपटॉपमध्ये जास्त. जाहिरातीत दोन्हीकडे नाव तेच! त्यामुळे कमी वॅटवर चालणाऱ्या ४०६० पेक्षा पूर्ण वॅटवर चालणारं ४०५० कधी कधी चांगला सौदा ठरतं. स्पेसिफिकेशनमध्ये ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्स ग्राफिक्स पॉवर’ असा आकडा शोधा. तो सापडला नाही तर विक्रेत्याला विचारा. नेमक्या त्याच मॉडेलचा रिव्ह्यूही पाहा.

बाकी गोष्टी थोडक्यात :

- व्हीरॅम : ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी. ४०५० मध्ये ती ६ जीबी, ४०६० मध्ये ८ जीबी असते. ती नंतर वाढवता येत नाही.
- रॅम : १६ जीबी घ्या, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असेल तर गेममध्ये वेग कमी मिळतो. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, हेही विचारा. सोल्डर केलेली रॅम बदलता येत नाही.
- स्क्रीन : १४४ हर्ट्झ एवढंच पाहून थांबू नका. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके दिसतील. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असलेली स्क्रीन व्हिडिओ एडिटिंगलाही चालते.
- मक्स स्विच : यामुळे ग्राफिक्स कार्ड थेट स्क्रीनला जोडलं जातं आणि गेमचा वेग वाढतो. असेल तर उत्तम.
- वीज : पूर्ण ताकद फक्त चार्जर लावल्यावर मिळते. बॅटरीवर वेग बराच कमी होतो. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

आणि सर्वांत आधी, तुम्ही खेळणार काय ते ठरवा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांना फार मोठं कार्ड लागत नाही. सायबरपंक २०७७ सारखा गेम सगळ्या सेटिंग चढवून खेळायचा असेल तरच वरच्या कार्डवर पैसे घाला.

पायरी ३ : विक्रेता कसा पारखायचा?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, तुमच्या गावातलं दुकान असो की ऑनलाइन साइट, कसोट्या सारख्याच आहेत.

बिल. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘बिल नको असेल तर एवढे कमी करतो’ असं कोणी म्हणालं तर लक्षात घ्या, वाचवलेल्या पैशांच्या बदल्यात तुम्ही तुमचा पुरावा सोडून देताय. बिलावर तुमचं नाव, पूर्ण मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर हवा. दुकानाचा जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते, गोव्यातल्या नोंदणीची ३० ने. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं.

सीरियल नंबर. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या मागचा आणि बिलावरचा नंबर एकच हवा. तो ब्रँडच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची तारीख पाहा. आज घेतलेल्या लॅपटॉपची वॉरंटी काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर बिल दाखवून ती दुरुस्त करून घ्या. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर लॅपटॉप डेमोचा किंवा परत आलेला असू शकतो.

ऑनलाइन विक्रेता. मोठ्या साइटवरही माल विकणारा बऱ्याचदा वेगळाच असतो. त्याचं नाव, रेटिंग आणि परतीचा नियम वाचा. ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ यांत फरक आहे. पहिल्यात पैसे परत मिळतात, दुसऱ्यात फक्त वस्तू बदलून मिळते. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे सौदे. ‘कॉर्पोरेट लॉट’, ‘ओपन बॉक्स’, ‘फक्त आज’ असं सांगून यूपीआयने अ‍ॅडव्हान्स मागणाऱ्या अनोळखी विक्रेत्यापासून दूर राहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

परदेशातून आणलेला लॅपटॉप. अमेरिका किंवा दुबईहून नातेवाईक आणणार असतील तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीला ईमेल करून विचारा. सगळ्या ब्रँडची चालत नाही. किमतीतला फरक एका मदरबोर्डच्या खर्चात संपू शकतो.

‘नो कॉस्ट’ ईएमआय. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागू शकतो. एकूण किती रुपये जाणार ते आधी मोजा.

पायरी ४ : बिघडला आणि कोणी दाद देईना, तर?

सेंटरवर लॅपटॉप देताना जॉबशीट घ्याच. त्यावर तारीख, नेमकी तक्रार आणि आधीचे ओरखडे लिहून घ्या. डेटाचा बॅकअप आधी घ्या, दुरुस्तीत तो पुसला जाऊ शकतो. फोनवर झालेलं बोलणं नंतर ईमेलनेही पाठवून ठेवा.

तरी काम झालं नाही तर :

१. ऑनलाइन खरेदी असेल तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं.

२. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर तक्रार नोंदवा.

३. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी! ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.

या प्रत्येक टप्प्यावर पहिली मागणी एकच असते : बिल दाखवा. म्हणूनच बिलाशिवाय मिळणारा स्वस्त लॅपटॉप शेवटी महागात पडतो.

खरेदीला निघण्याआधी एवढं तपासा

✅ जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला
✅ ग्राफिक्स कार्डचे वॅट पाहिले
✅ रॅमचे स्लॉट आणि स्क्रीनचे रंग तपासले
✅ दुकानाचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर पाहिला
✅ सीरियल नंबर तिन्ही ठिकाणी जुळवून पाहायचं ठरवलं

तुमच्या ओळखीत कोणी या महिन्यात गेमिंग लॅपटॉप घेणार असेल, तर पैसे देण्याआधी त्याला ही यादी नक्की पाठवा.