पुलापलीकडचे डॉक्टर

दोस्तांनो, रत्नागिरी शहरातून दक्षिणेकडे निघालात की भाट्ये खाडीवरचा लांबलचक पूल लागतो. काजळी नदी इथंच समुद्राला मिळते. पूल ओलांडला की आलंच भाट्ये! किनाऱ्यावर सुरूचं बन, जवळच नारळ संशोधन केंद्राचे माड. एरवी इथून शहरातल्या दवाखान्यात जायचं म्हटलं तर कितीसा वेळ लागतो?

पण २०२० साल आठवा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. समजा, तेव्हा तुम्ही भाट्येला आजीजवळ होतात आणि आजीला मधुमेह होता. करोना मधुमेह असलेल्यांना जास्त त्रास देतो, हे तिनं टीव्हीवर ऐकलेलं. मग दवाखान्याचं नाव काढलं तरी तिच्या पोटात गोळा यायचा. फिरणं बंद, शेजारणीशी गप्पा बंद, रात्री झोप नाही. आणि साखर? ती मात्र वर वर चाललेली. जेवण तर तेवढंच होतं. मग असं का बरं?

गंमत अशी आहे, की आपण घाबरलो की शरीराला वाटतं, आता पळावं लागणार! ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं कामाला लागतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पण आजी पळणार कुठं? ती तर ओटीवर बसलेली! ही साखर पेशींत पोचवायला लागणारं इन्सुलिन मधुमेहात कमी पडतं किंवा नीट काम करत नाही. साखर वाढली की थकवा, चिडचिड आणि पुन्हा काळजी. मन आणि साखर यांचा असा पाठशिवणीचा खेळ सुरू होतो.

योगायोग पाहा. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, डॉक्टरांनी फोनवरून किंवा व्हिडिओवरून रुग्णांना सल्ला कसा द्यावा, याचे नियम सरकारनं जाहीर केले. १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ल्याची मोफत सेवाही सुरू झाली. डॉक्टर पुलापलीकडे आणि आजी अलीकडे, तरी बोलणं होऊ लागलं.

मात्र फोनवरून नाडी बघता येत नाही. डॉक्टरांचे डोळे व्हायचं तुम्हीच! एक वही करा. तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर दोन तासांनी, साखरेचा आकडा आणि घेतलेलं औषध लिहा. शेजारी आणखी एक रकाना आखा : झोप किती झाली, मन कसं आहे? आजी म्हणेल, “मला काय धाड भरलीय?” तिचं म्हणणं लिहाच, पण रात्रभर ती जागी होती हेही लिहा. आणि तिला मनातलं बोलायचं असेल तेव्हा फोन तिच्या हाती देऊन तुम्ही अंगणात जा. चोरून ऐकायचं नाही हं!

काही वेळा मात्र फोनवर बोलत बसू नका. छातीत दुखलं, श्वास लागला किंवा शुद्ध हरपली तर थेट १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. साखर एकदम उतरली तर घाम सुटतो, हात थरथरतात. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. याच जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडात विजेचे खांब कोसळले, फोन मुके झाले. म्हणून ती वही हवीच. वहीला ना वीज लागते, ना रेंज!

आणि तुमच्या स्वतःच्या मनाचं काय? १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस लागतो, मराठीतही बोलता येतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावानं कुणाची थट्टा करू नका. गुडघा दुखतो तसंच मनही दुखतं. दुखलं की सांगायचं असतं, एवढंच.

मग आज आजीला कोणता प्रश्न विचाराल? “साखर किती?” एवढाच नको. “आजी, झोप लागली का गं?” हाही विचारा.