पाणी कुणाला ओढत नाही

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी भाविक चुन्याच्या रानातले खडे वेचतात आणि पालखी आमराईत विसावते. हे दिवस मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडण्याचे. यात्रेला आलेली, सुट्टीला माहेरी किंवा सासरी आलेली तरुण जोडपी दर्शन उरकलं की दुपार कुठंतरी गार पाण्यात काढायचा बेत करतात. बेत चांगलाच आहे. नवरा-बायकोनं मिळून पोहायला जाणं यासारखा बिनखर्चाचा आनंद दुसरा नाही. पण याच दिवसांत बुडून मेल्याच्या बातम्याही येतात. देशात दरवर्षी ३० हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात हा आकडा सुमारे ३ लाख होता. यातले कितीतरी जीव वाचवता येण्यासारखे असतात. आड येतात त्या पाण्याबद्दलच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुती. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज : डोंगराचा भाग आहे, म्हणजे उन्हाळ्यातही गार ओढा सापडेल.

वस्तुस्थिती : येरमाळा बालाघाटाच्या रांगेत आहे. तेरणा नदी इथून जवळच, तेरखेड्याच्या परिसरात उगम पावते. येडशीजवळचं रामलिंगही याच डोंगरातलं. तिथला धबधबा मात्र पावसाळ्यातच पाहावा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख, आणि इथले ओढे पावसावर जगणारे. होळीच्या आसपास ते आटतात. उन्हाळ्यात पाणी राहतं ते विहिरींत, बारवांत, शेततळ्यांत, पाझर तलावांत आणि नदीच्या एखाद्या डोहात. म्हणून इथलं उन्हाळी पोहणं म्हणजे मुख्यतः विहिरीतलं पोहणं. ओढ्यात धोका कळायला प्रवाह तरी दिसतो. विहिरीचं आणि तळ्याचं पाणी शांत असतं, त्यामुळे माणूस गाफील राहतो.

गैरसमज : विहिरीचं पाणी इतकं गार असतं की उन्हातून येऊन उडी मारली की ताप भरतो.

वस्तुस्थिती : जमिनीखालच्या पाण्याचं तापमान त्या भागातल्या वर्षभराच्या हवेच्या सरासरीजवळ राहतं. आपल्याकडे ते साधारण २५ ते २७ अंश भरतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवतात, म्हणजे आपली विहीर त्याच तोलाची. बाहेर ४१ अंश असताना अंगावर शिरशिरी येते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं शरीरातली उष्णता काढून घेतं. ताप येतो तो जंतूंमुळे, गारव्यामुळे नव्हे. उलट उष्माघात झालेल्या माणसाचं अंग गार पाण्यानं झपाट्यानं थंड करणं हाच पहिला उपाय आहे.

तरीही एकदम उडी टाकू नये. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना अचानकचा गारवा झेपत नाही. आधी हातपाय, मग छाती भिजवून उतरावं. खरोखर जीवघेणा गारठा १५ अंशांखालच्या पाण्यात असतो. हिमालयात फिरायला गेलेल्या किंवा अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यात पडल्याबरोबर माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर तो श्वास पाण्याचाच असतो. पट्टीचा पोहणाराही तिथं बुडतो. अशा वेळी हातपाय न झाडता उताणं तरंगत राहावं. मिनिटभरात श्वास ताब्यात येतो, मग काठ गाठावा.

गैरसमज : बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, तीन वेळा वर येतो.

वस्तुस्थिती : बुडणं बहुतेक वेळा बिनआवाजी असतं. ज्याला श्वासच घेता येत नाही, तो ओरडणार कसा? तोंड पाण्याच्या पातळीला खालीवर होतं, डोकं मागं झुकतं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबतात. पाय मारणं थांबतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, उभा राहून पाण्याशी खेळतोय. हे जेमतेम २० ते ६० सेकंद चालतं, आणि तीन वेळा वर येण्याचा कसलाही नियम नाही. म्हणून एक जण पाण्यात असताना दुसऱ्यानं मोबाइल पिशवीत ठेवावा आणि नजर पाण्यावर ठेवावी. आवाज दिल्यावर उत्तर आलं नाही, तर मदत सुरू करायची वेळ झाली आहे.

गैरसमज : सोबत जोडीदार आहे, म्हणजे काळजी नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त घात याच समजुतीनं होतो. एक बुडतोय म्हणून दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरून वर चढू पाहतो. त्या क्षणी समोर नवरा आहे की बायको, हे त्याला कळत नाही. तो मिठी मारतो आणि वाचवणारा खाली जातो. म्हणून जीव वाचवण्याचा क्रम पाठ असावा : आधी आरडाओरडा करून माणसं बोलवा, मग काठी किंवा वेळू पुढं करा, नाहीतर दोर, ट्यूब, रिकामा घट्ट झाकणाचा कॅन फेका. काहीच नसेल तर साडी किंवा ओढणी फेका. काठावर पोटावर पडून फेकावी, म्हणजे ओढीनं तोल जात नाही.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. विहिरीच्या पायरीवरून तेवढी पुरते. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूतल्या पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टरई धरणावर चार तरुण बुडत होते. तिथल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना बाहेर काढलं. पाण्याजवळ जी गोष्ट हाताशी असते, तीच दोर होते. पाण्यात उडी मारण्याआधी ती फेकणं सुचायला हवं.

गैरसमज : शेततळं उथळ असतं, विहिरीपेक्षा बरं.

वस्तुस्थिती : मराठवाड्यात आज सगळ्यात फसवं पाणी शेततळ्यातच आहे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर गावोगावी तळी झाली, आणि शेतीला त्यांचा मोठा आधार आहे. पण अनेक तळी ३० मीटर लांब-रुंद आणि ३ मीटर खोल असतात. म्हणजे मध्ये उभ्या माणसाच्या डोक्यावर हातभर नव्हे, मीटरभराहून जास्त पाणी. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो. उतारावरून पाय घसरला की माणूस काठाशी येतो, हात कागदावर टेकवतो, तळवा सटकतो, पुन्हा टेकवतो, पुन्हा सटकतो. काठ वीतभर अंतरावर असतो आणि बोटांना धरायला सुरकुतीही सापडत नाही. पोहता येणारा माणूसही असा दमून बुडतो.

म्हणून शेततळ्यात पोहू नये, हेच खरं. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावेत, हवा भरलेल्या ट्यूब बांधून ठेवाव्यात आणि कुंपण घालावं. दोराचा खर्च कागदाच्या खर्चापुढं काहीच नाही.

गैरसमज : त्या विहिरीत आसरा आहेत, दरसाल एक बळी घेतात.

वस्तुस्थिती : साती आसरा या पाण्याच्या देवता. विहिरीच्या, ओढ्याच्या काठी शेंदूर लावलेले त्यांचे दगड आपण नमस्कार करूनच ओलांडतो. श्रद्धा आपल्या जागी राहो. पण एकाच जागी माणसं पुन्हा पुन्हा बुडत असतील, तर तिथं कारण आहे आणि ते शोधता येतं. कुठं पाण्याखाली कपार असते, सूर मारणाऱ्याचं डोकं तिच्यावर आपटतं. कुठं पायऱ्या अर्ध्यावर संपतात, कुठं तळाला गाळ आणि झुडपं असतात. नदीत वाळू उपसलेले खड्डे असतात, गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल एकदम पुरुषभर पाण्यात पडतं. विहिरीत मोटारीची केबल खराब झालेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. म्हणून मालकाला विचारल्याशिवाय उतरू नये, मोटार बंद करून फ्यूज काढून ठेवावा, आणि खोली माहीत नसेल तिथं कधीही मुटका किंवा सूर मारू नये. वर्षानुवर्षं न वापरलेल्या विहिरीत घातक वायू साचतो, तिथं तर पाऊलही टाकू नये.

गैरसमज : बाईनं काठावर बसावं, पोहणं पुरुषाचं.

वस्तुस्थिती : बायकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण सरासरीनं जास्त असल्यानं त्या पाण्यावर अधिक सहज तरंगतात. अडचण शरीराची नसते, साडी-सलवारीची असते. ओल्या कापडाचं वजन पाण्यात जाणवत नाही, पण ते पायांना गुंडाळतं आणि बाहेर पडताना खाली ओढतं. अंगाबरोबरचे, सुटसुटीत कपडे घालून उतरावं. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळवलं. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यानं आणि त्याची पत्नी ऋजुतानं, दोघांनीही ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. प्रत्येक जोडप्याला पदक नको आहे. पण पोहता येणारी बायको ही घरातली सुरक्षितता आहे, आणि मुलांना पाण्याजवळ नेणारी बहुतेक वेळा तीच असते.

गैरसमज : जेवून पोहलं की पोटात गोळा येऊन माणूस बुडतो.

वस्तुस्थिती : भरल्या पोटानं जड वाटतं, मळमळतं, पण त्यामुळे माणसं बुडतात याला आधार नाही. पुरणपोळी खाऊन तासभर सावलीला बसलात तर बरंच. बुडवते ती दारू. तिनं अंदाज, तोल आणि श्वास तिन्ही बिघडतात. पार्टी आणि पोहणं एकत्र करू नका.

गैरसमज : बुडालेल्याला उलटं धरावं, पोट दाबून पाणी काढावं, मिठात ठेवावं.

वस्तुस्थिती : यात लाखमोलाची मिनिटं जातात. बुडालेल्याला कमी पडलेला असतो तो प्राणवायू. पोट दाबलं की उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मिठाच्या ढिगाऱ्यानं कुणी जिवंत होत नाही. माणूस बाहेर काढल्यावर तो हाकेला ओ देतो का, श्वास घेतो का, ते पाहा. श्वास नसेल तर कठीण जमिनीवर उताणं ठेवा, मान मागं करा, नाक चिमटीत धरून तोंडावाटे छाती वर येईल एवढा श्वास द्या. सुरुवातीला दोन ते पाच. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून ३० वेळा जोरात, भरभर दाबा, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्यानं लगेच १०८ ला फोन करावा. उलटी झाली तर कुशीवर वळवा. माणूस शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी त्याला दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

गैरसमज : पोहायला शिकायचं वय निघून गेलं.

वस्तुस्थिती : गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या माणसं कमरेला वाळलेला भोपळा, पांगऱ्याचं लाकूड किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधून शिकली. वरती जाणता माणूस दोर धरून उभा असायचा. ती पद्धत आजही चालते, पांगऱ्याच्या जागी लाइफ जॅकेट आलं की अजून बरं. सुरुवात पोहण्यापासून नाही, तरंगण्यापासून करावी. उताणं पडून कान पाण्यात, हनुवटी वर, छातीत हवा. हे एकदा जमलं की भीती निम्मी होते. आधी चांगलं पोहणाऱ्या ओळखीच्या माणसाला सोबत घ्या, कंबरभर पाणी आणि धड पायऱ्या असलेली जागा निवडा, दोर आणि ट्यूब पाण्याच्या काठाशी ठेवा. मग दोघांनी मिळून शिका. आणि मुलं सहा वर्षांची झाली की त्यांनाही शिकवा. पुढच्या उन्हाळ्यात येरमाळ्याला जाल, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला निदान उताणं तरंगता यायला हवं.