हिरवा चुडा

आमच्या धाराशिवकडे नवरीला चुडा भरायला कासार येतो, कुठे मण्यार; मण्यार बहुधा मुसलमान. हिरवा रंग कुणाचा, असं तिथं कुणी विचारत नाही. तो पिकाचा! ओटीतले तांदूळ, नारळ, हळकुंडही तेच मागतात : घर भरावं, कूस उजवावी. आमच्या घरांतही नवरीला हळद लागते, गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा असतो. काळा मणी दृष्ट अडवतो, ही समजूत दोन्हीकडची.

मला खटकतं ते पुढचं. चुडा पिकाचा, तर नवरा गेल्यावर तो फोडायचा कशासाठी? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानंही त्याला धरून परिपत्रक काढलं. तरी नवरीची ओटी भरायला अनेक घरी अजून सवाष्णच शोधतात. विधवा आई दाराआडून बघते.