घट्ट गाळासाठी आधी पातळ गाळ!

ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या खाणीचा गाळबंधारा फुटला आणि चिखलाच्या लोंढ्याने २७० जणांचा बळी घेतला. बंधाऱ्यातील गाळात साचून राहिलेले पाणी आणि अपुरा निचरा ही या दुर्घटनेमागील प्रमुख कारणे असल्याचे तज्ज्ञांच्या चौकशीत स्पष्ट झाले. गाळ बंधाऱ्यात सोडण्यापूर्वीच त्यातील पाणी काढून घेणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून लक्षात यावे. हे काम करणारे पहिले यंत्र म्हणजे ‘थिकनर’.

खनिजातील उपयुक्त भाग वेगळा करण्यासाठी दगड बारीक दळून पाण्यात मिसळला जातो. उपयुक्त भाग काढून घेतल्यावर पातळ गाळ उरतो. थिकनर ही मध्याकडे उतरत्या तळाची मोठी गोल टाकी असते. गाळ तिच्या मध्यभागी सोडला जातो. कण तळाशी बसतात, संथ फिरणारे दाते त्यांना मध्याकडे लोटतात आणि तेथून घट्ट गाळ पंपाने उपसला जातो. निवळलेले पाणी कडेवरून वाहून पुन्हा वापरात येते. अमेरिकेतील जॉन डॉर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी अखंड चालणारा थिकनर प्रथम उभारला.

खरी अडचण आहे ती सूक्ष्म कणांची. गारेचा १० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात तासाला सुमारे ३२ सेंटिमीटर खाली जातो. १ मायक्रॉनचा कण मात्र जेमतेम ३ मिलिमीटर! त्यामुळे अशा कणांच्या गुठळ्या बांधणारे ‘फ्लोक्युलंट’ हे रसायन वापरावे लागते. गढूळ पाण्यात तुरटी फिरविल्यावर गाळ खाली बसतो, साधारण तसाच हा प्रकार.

थिकनरचे काम खालावले की रसायनाची मात्रा वाढविण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु मात्रा अधिक झाल्यास गुठळ्या चिकट होतात, पाणी आत अडकते आणि दात्यांवरील ताण वाढतो. खरा उपाय बहुधा टाकीच्या मध्यावरील ‘फीडवेल’ या प्रवेशकक्षात असतो. तेथे येणारा गाळ दाट असेल तर रसायन सर्वत्र पोहोचत नाही आणि गुठळ्या एकमेकींना अडवितात. म्हणून टाकीतीलच निवळलेले पाणी मिसळून तो आधी पातळ केला जातो. गाळ घट्ट करण्यासाठी तो प्रथम पातळ करावा, हे ऐकताना विचित्र वाटते. पण अनुभव तसाच आहे. रसायनही सौम्य करून, एकाच जागी न ओतता दोन-तीन ठिकाणी सोडणे हिताचे. मिश्रण चांगले व्हावे, मात्र प्रवाह इतका खळाळता नसावा की बांधलेल्या गुठळ्या फुटाव्यात. एकदा फुटलेली गुठळी पूर्ववत जुळत नाही. ऑस्ट्रेलियातील ‘सीएसआयआरओ’ या संस्थेने संगणकावर या प्रवाहांचा अभ्यास करून फीडवेलच्या रचनेत सुधारणा सुचविल्या आहेत.

दुसरी बाब तळाच्या थराची. थर जाड असेल तर स्वतःच्या भाराने तो अधिक दाबला जातो. मात्र फार काळ तसाच राहिला तर इतका घट्ट होतो की दाते अडकतात. म्हणून गाळाची घनता, थराची उंची आणि दात्यांवरील ताण एकत्र पाहूनच पंपाचा वेग ठरवावा लागतो.

लाभ किती, याचे गणित सोपे आहे. उपसलेल्या गाळात वजनाने ५० टक्के घनपदार्थ असतील तर प्रत्येक टनाबरोबर १,००० लिटर पाणी बाहेर जाते. हेच प्रमाण ६० टक्के झाले तर सुमारे ६६७ लिटर. दिवसाला १० हजार टन कोरडा गाळ निघणाऱ्या प्रकल्पात ही बचत रोज सुमारे ३३ लाख लिटरची होते.

थिकनर सुधारला म्हणजे बंधारा सुरक्षित झाला, असे नव्हे. बांधणी, निचरा आणि अखंड देखरेख यांना पर्याय नाही. तरीही बंधाऱ्यात न गेलेले पाणी धोका ठरू शकत नाही. खाणींची माती पावसाळ्यात भातशेतीत उतरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या गोव्यासारख्या प्रदेशाला तरी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.