आडात किती, पोहऱ्यात किती?

गेल्या दसऱ्याला भाच्याबरोबर टीव्ही घ्यायला गेलो. दुकानातल्या ४३ इंची फोर-के पडद्यावर एक पोपट बसला होता आणि भाचा त्याच्यापासून दीड हातावर उभा होता. “मामा, पीस न् पीस मोजता येतंय!” शेजारी तेवढ्याच आकाराचा फुल एचडी संच होता. त्याच्यावरही तोच पोपट, किंमत मात्र बरीच कमी. मी मागे सरकत गेलो. आमच्या घरच्या सोफ्याइतकं, म्हणजे दहा फूट अंतर झालं तेव्हा पाठीला वॉशिंग मशीन टेकलं. भाच्याला तिथे बोलावलं आणि विचारलं, “आता सांग, कुठल्या पोपटाची पिसं जास्त?” तो बराच वेळ आलटून पालटून दोन्हीकडे बघत राहिला. शेवटी सेल्समन म्हणाला, “साहेब, जवळून बघा ना!”

सगळी मेख या ‘जवळून बघा ना’मध्ये आहे.

घरी सिनेमा बघायची साधनं गेल्या पन्नास वर्षांत पाच-सहा वेळा बदलली. जुनं काढून नवं घ्यावं का, हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. आपल्याकडे त्याचं अर्धं उत्तर म्हणीतच आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मूळ चित्रीकरण हा आड. कॅसेट, तबकडी, स्ट्रीमिंग हे पोहरे. म्हणीत नसलेली तिसरी गोष्ट म्हणजे पिणाऱ्याची ओंजळ, अर्थात आपला डोळा. तिघांचा मेळ बसला तरच खर्च सार्थकी लागतो.

पोहरा मोठा होत गेला

व्हीएचएस कॅसेट जपानात १९७६ मध्ये आली. आपल्याकडे तिची खरी ओळख झाली ती १९८२च्या एशियाडच्या आगेमागे, रंगीत दूरदर्शनबरोबर. डेक भाड्याने आणायचा, रात्रभरात तीन सिनेमे संपवायचे, चित्र फाटलं की ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, अगदीच मुंग्या आल्या की हेड पुसायचं. दूरदर्शनच्या चित्रात ५७६ दृश्य रेषा असत. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील टिके. तरीही कुणी तक्रार केली नाही, कारण पडदा वीस-एकवीस इंचांचा होता.

मग व्हीसीडी आली. तिच्या चित्रात ३५२ गुणिले २८८, म्हणजे साधारण एक लाख ठिपके. सीडीत ७४ मिनिटं मावत, त्यामुळे हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांत विभागलेला असे. पावसाचं किंवा गर्दीचं दृश्य आलं की चित्राच्या चौकटी चौकटी होत. जपानात १९९६ मध्ये अवतरलेल्या डीव्हीडीने ठिपके चार लाखांवर नेले. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा या चौपट तपशिलाची किंमत अवघे सहा रुपये झाली. इतका स्वस्त आणि इतका डोळ्यांत भरणारा बदल पुन्हा झाला नाही.

२००६च्या ब्लू-रेने वीस लाख सत्तर हजार ठिपके दिले (हेच फुल एचडी) आणि २०१६च्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेने त्र्याऐंशी लाख (हेच फोर-के). जपानच्या एनएचकेने डिसेंबर २०१८ मध्ये एट-के वाहिनी सुरू केली, तिथे हा आकडा तीन कोटी बत्तीस लाखांवर गेला. आकडे चौपटीच्या हिशेबाने वाढत गेले. डोळा मात्र होता तोच राहिला.

ओंजळ केवढी?

कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर असलेले दोन ठिपके निकोप डोळ्याला वेगळे दिसतात, हा जुना ठोकताळा. डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता याच हिशेबाने आखलेला असतो. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. ठोकताळा लावला तर साडेपाच फुटांच्या थोडं पलीकडे गेल्यावर ते ठिपके एकमेकांत मिसळतात. ५५ इंची पडद्यासाठी हे अंतर सात फूट येतं, ६५ इंचीसाठी साडेआठ.

केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी हा ठोकताळा थोडा सैल केला. काळ्या-पांढऱ्या तपशिलात डोळा एका अंशात साठ नव्हे, तर ९४ ठिपक्यांपर्यंत फरक ओळखू शकतो, असं त्यांना आढळलं. त्या मापाने वरची अंतरं दीडपटीहून थोडी जास्त होतात: ४३ इंचाला पावणेनऊ फूट, ५५ला सव्वाअकरा, ६५ला तेरा. आता हा हिशेब आपल्या हॉलला लावून पाहा. दहा फुटांवरून ४३ इंची फोर-के घेणं म्हणजे न दिसणाऱ्या पिसांचे पैसे मोजणं. ५५ इंचावर तीक्ष्ण डोळ्याला थोडा फायदा, ६५ इंचावर नक्कीच. एट-के मात्र दहा फुटांवरून ८५ इंची पडद्यावरही वाया जातं.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही बोलतो. ५५ इंची पडद्यावर डीव्हीडीच्या रेषा जुन्या, कडक ठोकताळ्यानेही तेरा फुटांपर्यंत डोळ्यांना खटकतात. म्हणजे डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाणं ही कुठल्याही हॉलमध्ये जाणवणारी पायरी आहे. त्यापुढची पायरी मोठ्या पडद्यावर किंवा जवळ बसणाऱ्यालाच जाणवते.

आडात किती?

समजा पडदा मोठा आहे आणि खुर्चीही जवळ आहे. पण मुळात तेवढा तपशील टिपला गेला होता का?

इथे जुनं फिल्मचं तंत्र नव्याला भारी पडतं. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये ढोबळमानाने फोर-के इतका तपशील असतो. १९६२चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ ६५ मिलिमीटरवर चित्रित झाला होता. त्याची निगेटिव्ह एट-केमध्ये स्कॅन करून २०१२ मध्ये फोर-के प्रत सिद्ध झाली. साठीकडे झुकलेले रंगपट आणि त्याहून जुने कृष्णधवल चित्रपट नव्या पोहऱ्यात सहज भरता येतात, कारण त्यांचा आड खोल होता.

उलट २००२चा ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ हा स्टार वॉर्स मालिकेतला चित्रपट डिजिटल कॅमेऱ्याने फुल एचडीतच टिपला गेला. त्याची फोर-के तबकडी म्हणजे ताणून मोठं केलेलं चित्र. त्यानंतरच्या दशकात फिल्मवर चित्रित झालेल्या अनेक चित्रपटांचं संस्करणही टू-केमध्येच, म्हणजे जवळपास फुल एचडीतच, पुरं झालं. आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शन मालिका बहुतेक व्हिडिओ टेपवर टिपलेल्या. त्यांत ५७६ रेषांपलीकडे काही नाही आणि येणारही नाही.

या बाबतीत सर्वात गंमतशीर उदाहरण आपल्या घरचंच आहे. ‘शोले’ सत्तर एमएममध्ये पाहिल्याचं एक पिढी आजही अभिमानाने सांगते. पण तो ३५ मिलिमीटरवर चित्रित झाला होता आणि सत्तर एमएमची प्रत त्याचं चित्र मोठं करून काढली होती. आजच्या भाषेत, ‘अपस्केल’! पाणी तेवढंच, पोहरा मोठा. मग प्रेक्षक फसले का? नाही. त्यांना मोठा पडदा मिळाला आणि चहूबाजूंनी येणारा आवाज मिळाला. ठिपके वाढले नाहीत तरी अनुभव वाढू शकतो, हे १९७५ मध्येच सिद्ध झालं होतं.

ठिपक्यांपलीकडे

फोर-केच्या खोक्यावर आणखी एक शब्द असतो: एचडीआर. खरी गोम तिथे आहे. जुन्या पद्धतीत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ छटा, म्हणून एकूण १ कोटी ६७ लाख रंग. नव्या पद्धतीत प्रत्येकी १०२४, एकूण १०७ कोटी. त्यात उजेडाची झेपही मोठी. देव्हाऱ्यातल्या निरांजनाची ज्योत लख्ख आणि मागचा अंधार तसाच दाट, हे एकाच चित्रात दिसतं. आणि हा फरक दहा फुटांवरूनच काय, स्वयंपाकघराच्या दारातूनही कळतो. अट इतकीच, की पडद्याची तेवढी तेजस्विता हवी. एचडीआर चित्रं बहुधा एक हजार निट्स (निट हे तेजस्वितेचं एकक) किंवा त्याहून अधिक तेज धरून सिद्ध केली जातात. अडीचशे-तीनशे निट्सचा स्वस्त संच एचडीआर ‘स्वीकारतो’, दाखवत नाही. दुकानात ठिपके विचारण्याऐवजी निट्स विचारा.

पोहरा गळका आहे का, तेही पाहायला हवं. अल्ट्रा एचडी तबकडीवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती येऊ शकते. स्ट्रीमिंगचं फोर-के बहुतेक वेळा पंधरा-वीस मेगाबिटांच्या आसपास भागवतं. साध्या ब्लू-रेची मर्यादा चाळीसची. त्यामुळे धुकं, पाऊस, समुद्राच्या लाटा अशा दृश्यांत साधी फुल एचडी ब्लू-रे कधी कधी फोर-के स्ट्रीमिंगला मागे टाकते. तबकड्या जमवणाऱ्यांसाठी आणखी एक दिलासा. अमेरिकेतल्या मावशीने आणलेली डीव्हीडी इथल्या डेकवर चालत नसे, कारण तिथला विभाग १ आणि आपला ५. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला असं विभागांचं कुंपणच नाही.

एक सुधारणा तर फुकट आहे. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय बहुधा चालूच ठेवलेली असते. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा त्यामुळे दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझने खास चित्रफीत काढून ती बंद करण्याची विनंती केली होती. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा. त्यात दुकानातला भडक रंगही जातो.

भाच्याने शेवटी काय केलं? ४३ इंची फुल एचडी घेतला आणि उरलेल्या पैशांत साउंडबार. ‘शोले’च्या प्रेक्षकांचाच धडा.

आड आटतोय, तिथे घाई

पोहरा आज नाही तर उद्या बदलता येतो. पुढच्या दिवाळीपर्यंत तो स्वस्तही होतो. आडाचं तसं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात ठेवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि हजारो रिळांची राख झाली. ‘शोले’ची निगेटिव्हही ‘व्हिनेगर सिंड्रोम’ने, म्हणजे फिल्मचा पायाच आंबट वास सोडत कुजत गेल्याने, खराब झाली होती. लंडन आणि मुंबईत सापडलेल्या मधल्या प्रतींवरून फिल्म हेरिटेज फाउंडेशनने चित्रपटाचं फोर-के पुनरुज्जीवन पार पाडलं, म्हणून ठाकूरने गब्बरला मारण्याचा मूळ शेवट २०२५ मध्ये मोठ्या पडद्यावर आला.

आपल्या माळ्यावरही असा एक आड असतो: लग्नाची, मुंजीची कॅसेट. कोकणातल्या किंवा मुंबईच्या चार पावसाळ्यांत टेपला बुरशी धरते. ती वाजवणारं यंत्रही दुर्मीळ झालंय. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कॅसेट उतरवून देणारा ‘फोर-के करून देतो’ म्हणाला तर जास्तीचे पैसे देऊ नका. टेपमध्ये जेवढं आहे तेवढंच येणार. तेवढं मात्र याच दिवाळीत, दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवून ठेवा. साफसफाईला माळ्यावर चढणारच आहात.