प्लॅनमधलं वर्तुळ

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १९९१मध्ये १५ लाख ४४ हजार होती, २००१मध्ये १६ लाख ९७ हजार झाली. पाणीपुरवठ्याच्या पुस्तकातली कुठलीही सरधोपट रीत लावली, तर २०११ला साडेअठरा लाखांच्या आसपास उत्तर येतं. बेरजेच्या वाढीने थोडं कमी, चक्रवाढीने थोडं जास्त. शिरगणतीत प्रत्यक्ष आले १६ लाख १५ हजार. वाढ राहिलीच बाजूला, माणसं ऐंशी हजारांनी कमी झाली. मी तोवर निवृत्त झालो होतो. पण ते आकडे वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी माळ्यावरून जुन्या वह्या खाली काढल्या आणि रात्री उशिरापर्यंत घेऊन बसलो. त्या वह्यांकडे यायचंच आहे, पण संपादकांनी प्रक्षेप पद्धतींचा आढावा मागितला आहे, म्हणून वाट थोडी लांबून.

प्रक्षेप हा शब्द आमच्याकडे तीन वेळा आला. पहिल्यांदा ड्रॉइंग बोर्डवर, मग गणिताच्या तासाला, आणि नोकरीत लोकसंख्येच्या तक्त्यात. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, शब्द तेवढा सारखा, असं सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. सगळे प्रक्षेप एकच, असं म्हणणारेही भेटले. मला दोघांचंही पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे दिसेल.

ड्रॉइंगचा प्रक्षेप आपल्याला दिला गास्पार मोंजने. फेरीवाल्याचा हा मुलगा फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत दुय्यम कामाला होता. शाळेपुढे तटबंदीचा प्रश्न होता: भोवतालच्या उंचवट्यांवरून शत्रूच्या तोफा डागल्या, तरी आतलं माणूस सुरक्षित राहील अशी भिंत कुठे किती उंच हवी? त्यासाठी आकडेमोडीची रास लागायची. मोंजने ते रेघांनी सोडवलं, आणि इतक्या लवकर, की वरिष्ठाने आधी उत्तर तपासायलाच नकार दिला. इतक्या वेळात हे होणं शक्यच नाही, असं त्याचं म्हणणं. तपासल्यावर मात्र ती रीत लष्करी गुपित म्हणून कुलपात गेली. १७९५मध्ये, राज्यक्रांतीनंतर, मोंज पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये ती उघडपणे शिकवू लागला. एक आडवं प्रतल, एक उभं प्रतल, दोन्हींवर लंब टाकायचे आणि मग प्रतल उलगडून एका कागदावर आणायचं. यंत्रयुगाची सगळी कारखानदारी या उलगडलेल्या कागदावर उभी राहिली.

आपल्याकडे फर्स्ट अँगल: वस्तू मध्ये, प्रतल तिच्या मागे, त्यामुळे वर एलेव्हेशन आणि खाली प्लॅन. अमेरिकेत थर्ड अँगल, तिथे प्लॅन वर. एन. डी. भट्टांच्या पुस्तकावर आमच्या पिढ्या घडल्या, तेव्हा यापेक्षा जास्त सांगायला नको. पण एक तास सांगायला हवा. आमचे ड्रॉइंगचे सर पहिल्याच दिवशी फळ्यावर आले, एक वर्तुळ काढलं आणि म्हणाले, हा प्लॅन आहे, वस्तू ओळखा. कोणी म्हणालं चेंडू, कोणी दंडगोल, कोणी शंकू. सर म्हणाले, तिघंही बरोबर, आणि वर एलेव्हेशन काढल्याशिवाय पुन्हा असं उत्तर देऊ नका. माझ्या पुढच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीला ते एक वर्तुळ पुरलं.

नकाशांबद्दल फार लिहिलं गेलंय, मी झरझर जातो. मर्केटरने १५६९मध्ये दर्यावर्द्यांसाठी नकाशा केला. होकायंत्राची स्थिर दिशा त्यावर सरळ रेघ होते, आणि त्या सोयीची किंमत क्षेत्रफळाने चुकवावी लागते. शाळेच्या भिंतीवर ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसतं, प्रत्यक्षात भारतच ग्रीनलंडच्या दीडपट आहे. मर्केटरला त्यासाठी दोष देणं अन्यायाचं आहे. गोलाचा कुठलाही तुकडा ओढाताण न करता सपाट करता येत नाही, हे गाऊसने १८२७मध्ये सिद्धच केलं. दिशा सांभाळायची, क्षेत्रफळ की अंतर, एवढंच आपल्या हाती. नकाशाच्या कोपऱ्यात प्रक्षेपाचं नाव लिहायची शिस्त त्यातूनच आली, आणि ती शिस्त मला फार मोलाची वाटते.

गणितज्ञांचा प्रक्षेप सगळ्यांत स्वच्छ. एकदा लंब टाकला की पुन्हा टाकून काही बदलत नाही, सावलीची सावली तीच. लजांद्रने १८०५मध्ये छापलेली किमान वर्गांची रीत हाच लंब आहे: मोजमापं एका दिशेला, आपलं सूत्र एका प्रतलात, आणि मोजमापाच्या टोकापासून प्रतलावर टाकलेला सर्वांत आखूड धागा. गॅलर्किनची रीत, तिच्यावर उभी राहिलेली पूल-धरणांची सांत घटक पद्धत, ही सगळी याच घराण्याची. जिज्ञासूंना त्यावर पुस्तकं मिळतील.

मात्र काचमाझला असं ओलांडून जाणार नाही. स्टेफान काचमाझ हा पोलंडमधल्या ल्वोवचा गणिती. १९३७मध्ये त्याने तीन पानांचा निबंध छापला. पुष्कळ समीकरणं एकदम सोडवायची असतील तर काय करावं? कुठल्याही बिंदूपासून निघा, पहिल्या समीकरणाच्या प्रतलावर लंब टाका, तिथून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या; संपले की पुन्हा पहिल्यापासून. उत्तर असेल तर पावलागणिक तुम्ही त्याच्या जवळ जाता. तो दुसऱ्या महायुद्धात बळी पडला, आणि तो निबंध तीसेक वर्षं कोणाच्या फारसा कामी आला नाही. मग १९७१मध्ये लंडनच्या एका इस्पितळात हाउन्सफील्डच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा छेद दाखवला. १८० कोनांतून, प्रत्येक कोनाला १६० किरण: २८ हजार ८०० सावल्या, आणि त्यांतून ८० गुणिले ८० चौकटींचं चित्र. ते सोडवायला सुरुवातीच्या काळात वापरलेली रीत काचमाझच्याच जातीची होती. गेल्या वर्षी माझ्या पत्नीचं सीटी स्कॅन झालं, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून मला ती तीन पानं आठवत होती. एका सावलीवरून काही कळत नाही. पण प्रत्येक सावली कुठल्या दिशेने पडली हे नोंदलेलं असेल, तर सावल्यांमधून माणूस परत उभा करता येतो.

आता लोकसंख्या.

पाणीयोजना तीस वर्षांसाठी आखायची, म्हणजे तीस वर्षांनंतरची डोकी आज मोजायची. त्यासाठी नियमपुस्तिकेत बेरजेची वाढ, चक्रवाढ, वाढीतली वाढ, आलेख पुढे ओढणं, अशा रीती दिलेल्या आहेत. यांतली सर्वांत देखणी व्हरहुल्स्टची १८३८ची, इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा. पर्ल आणि रीड यांनी १९२०मध्ये ती अमेरिकेला लावली आणि जाहीर केलं की त्या देशाची लोकसंख्या साधारण १९ कोटी ७० लाखांपलीकडे जाणार नाही. १९६७मध्ये ती २० कोटींवर गेली, आणि थांबली नाही. पर्लला गणित येत नव्हतं असं नव्हे. एकूण बेरीज हाच त्याने पदार्थ धरला. ती पदार्थाची सावली आहे.

माझा सगळा मुद्दा इथे येऊन ठेपतो. हजार वस्तीचं गाव, हे प्लॅनमधलं वर्तुळ आहे. त्या हजारांत पोरं किती, मुलं होण्याच्या वयाच्या बायका किती, पासष्टीपुढचे किती, हे त्याचं एलेव्हेशन. पुस्तकातल्या साऱ्या वक्ररेषा सावली पुढे लांबवतात. ज्या पद्धतीचा मी आयुष्यभर कैवार घेतला, ती प्रत्येक वयोगट उचलून पाच वर्षं पुढे चालवते. आज पाच ते नऊ वर्षांची असलेली मुलं पाच वर्षांनी दहा ते चौदाची होणार, त्यांतून गेलेली वजा करा. नवी बाळं किती, ते पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांच्या संख्येवरून आणि वयोगटनिहाय जननदरावरून काढा. आले-गेले मांडा. मग पुन्हा पाच वर्षं. इथे दुसऱ्यांदा केलेला प्रक्षेप पहिल्यासारखा राहत नाही, दर फेरीला जग पुढे सरकतं. गणितज्ञांचा प्रक्षेप आणि हा, म्हणूनच एक नव्हेत. माहितीची गळती मात्र दोन्हीकडे आहे: गणितात लंब टाकताना, आणि आमच्याकडे शेवटी बेरीज मारताना.

या पद्धतीचा मूळपुरुष एडविन कॅनन. १८९५मध्ये त्याने इंग्लंड-वेल्सची वाढ पुढच्या शतकात थांबण्याची शक्यता वयोगटांवरून मांडली. अमेरिकेत व्हेल्पटनने ती १९२८मध्ये नीट बसवली. पुढे तिला सारणीचं रूप मिळालं, आणि जगभर त्या सारणीला लेस्लीचं नाव आहे. ऑक्सफर्डमध्ये प्राण्यांच्या लोकसंख्येवर काम करणाऱ्या लेस्लीने १९४५च्या निबंधात उंदरांचं उदाहरण घेऊन ती मांडली, आणि सुरेख मांडली. पण १९४१मध्ये बर्नार्देल्लीने तीच सारणी रंगूनहून निघणाऱ्या बर्मा रिसर्च सोसायटीच्या नियतकालिकात छापली होती, आणि १९४२मध्ये लुइसने कोलकात्याच्या 'संख्या'मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी काढलेल्या त्रैमासिकात. दोन्ही निबंध आपल्या अंगणात छापले गेले आणि आपल्याच पाठ्यपुस्तकांत ते नाहीत. मी हे जिथे बोलायला मिळालं तिथे बोललो आहे, इथेही बोलतो.

बर्नार्देल्लीचा भुंगेरा फार गोड आहे. तीन वर्षं जगणारा कीटक. पहिल्या वर्षाअखेर निम्मे उरतात, दुसऱ्या वर्षाअखेर त्यांतले एक तृतीयांश, आणि तिसऱ्या वर्षात प्रत्येकामागे सहा नवे. तिन्ही वयांचे तीन-तीन हजार घ्या, एकूण ९ हजार. पुढच्या वर्षी १८ हजार, दीड हजार, एक हजार: एकूण २० हजार ५००. त्याच्या पुढे ६ हजार, ९ हजार, ५००: एकूण १५ हजार ५००. आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा तीन-तीन हजार, एकूण ९ हजार. जननदर बदलला नाही, मृत्युदर बदलला नाही, रोगराई आली नाही. फक्त बेरीज पाहणारा पहिल्या वर्षी म्हणेल स्फोट झाला, तिसऱ्या वर्षी म्हणेल साथ आली. प्रत्यक्षात वयांची लाट फिरत होती, बाकी काही नाही.

आता त्या वह्यांकडे. १९७९च्या उन्हाळ्यात मी राजापूर तालुक्यातल्या एका गावच्या नळपाणी योजनेवर होतो. हाताशी एकूण वस्तीचा आकडा होता, आणि मला एलेव्हेशन हवं होतं. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकरांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूची घरोघर जाऊन केलेली पाहणी मी वाचली होती. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना सोबत घेऊन मीही वाडीवाडीने फिरलो. वय विचारलं की उत्तर तीस, चाळीस, पन्नास. शून्यावर आणि पाचावर सगळी गर्दी. मग आम्ही प्रश्न बदलले. भूकंपाच्या साली हा पोर रांगत होता की चालत होता? म्हणजे कोयनेचा, १९६७चा. म्हाताऱ्यांना विचारायचं, रामदास बोट बुडाली तेव्हा लग्न झालेलं होतं का? संध्याकाळी गुरुजींच्या पडवीत कंदिलाखाली मी आलेख काढला. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. डाव्या बाजूला वीस ते पन्नास वयात एवढा मोठा चावा होता, की गुरुजी बघतच राहिले. त्या चाव्यातली सगळी माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत आणि चाळींत होती. खालची दहा-बारा वर्षांची पोरं त्याच वाटेने जाणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पोरांची नावं ते घडाघडा सांगत होते.

मी अहवालात दोन आकडे दिले. एक बारमाही वस्तीचा, पुढे उतरत जाणारा. दुसरा मे महिन्याचा, चाकरमानी आणि पोरंबाळं गावी आल्यावरचा, जवळजवळ दुप्पट. पाणी लागतं सर्वांत जास्त मेमध्ये आणि विहिरीचा झरा सर्वांत बारीकही मेमध्येच. अहवाल परत आला. आकडा एकच लिहावा, चक्रवाढीने काढावा, असा शेरा होता. मी तरुण होतो, मान खाली घालून लिहिला. योजना झाली. वर्षातले दहा महिने टाकी भरून वाहायची आणि मेमध्ये गावात टँकर यायचा. त्याची रुखरुख मला आजही आहे. तो शेरा झुगारायला हवा होता.

२०११ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, अख्ख्या महाराष्ट्रात ९२९. तो चावा तीस वर्षांनीही तसाच. उलट पिंपरी-चिंचवडला बेरजेची वाढ लावली तर पाणी कमी पडतं, कारण नोकरीला येणारी तरुण माणसं पाठोपाठ संसारही थाटतात. १९९१ला पाच लाख सतरा हजार, २००१ला दहा लाख, २०११ला सव्वासतरा लाख.

वयोगटांची पद्धत किचकट, तिच्या पायी वेळ जातो, आणि शेवटी तीही चुकतेच, असं काही जाणकार लिहितात. चुकते, पण किती? २००१च्या शिरगणतीवरून तज्ज्ञगटाने याच पद्धतीने देशासाठी २०११चा आकडा काढला होता ११९ कोटी २५ लाख. मोजले गेले १२१ कोटी ९ लाख. दीड टक्क्याचा फरक. शिवाय कुठलं गृहीतक हुकलं, जनन, मृत्यू की स्थलांतर, ते वेगळं काढून तपासता येतं. वक्ररेषा चुकली तर कुठे चुकली हे विचारायलाही जागा नसते.

आज सल्लागारांचे अहवाल माझ्याकडे अधूनमधून मताला येतात. संगणकातून निघालेल्या पाच वक्ररेषा, त्यांची सरासरी, खाली जाड ठशात एक आकडा. वयाचा आलेख एकातही नाही. गृहीतकांचं पान नाही. नकाशाच्या कोपऱ्यात निदान प्रक्षेपाचं नाव तरी असतं. आणि सगळ्यांचा पाया २०११. २०२१ची शिरगणती झालीच नाही. २०११ला जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आलं आणि आमच्या तक्त्यात ते अजून पाळण्यातच आहे. नव्या अभियंत्यांना टी-स्क्वेअर माहीत नाही याचं मला दुःख नाही, साधनं बदलतात. वर्तुळ दाखवलं की ते लगेच चेंडू म्हणतात, आणि त्यांना थांबवणारा कोणी उरला नाही, हे मला सलतं.

नव्या शिरगणतीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. वयोगटांचे तक्ते हाती यायला त्यानंतरही वेळ लागेल. मी मिलिमीटरचा आलेखकागद आणून ठेवला आहे. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मधल्या पट्टीत तळापासून वर ०–४, ५–९, १०–१४ असे वयोगट लिहून झाले आहेत. वर पेन्सिलीने 'रत्नागिरी' एवढंच लिहिलंय. गुरुजींच्या नातवाचा परवा फोन आला होता, तो आता त्याच शाळेवर आहे. वाड्यांची यादी त्याने आत्ताच करायला घेतली आहे.